स्वभाव कुणाचा?

आमच्या गावाचं नाव धाड. या भागात कुठंही चोरी होवो, बोट आधी पारध्याच्या पालाकडं जातं. विचारलं तर लोक म्हणतात, "त्यांचा स्वभावच तसा."

मित्रांनो, हा 'स्वभाव' कायद्यानं लिहून ठेवलाय. लोम्ब्रोसोनं इटलीत जन्मजात गुन्हेगाराचं शास्त्र मांडलं १८७६ साली. इथं इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला १८७१ लाच! शास्त्राची वाट कशाला बघायची? जातीनं धंदा ठरतो, मग चोरीही जातीनंच ठरली. वही मनूची, शाई साहेबाची. हजेरी लावा, परवाना घ्या, मगच हला. ज्याचं पोट फिरतीवर, त्याचं फिरणंच गुन्हा. मग उपाशी माणूस काय करंल?

बाबासाहेबांनी १९४८ साली 'दि अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत याचा जाब हिंदू संस्कृतीला विचारला, या जमातींना नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तुरुंगाच्या नियमांतली जात सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवली ती ३ ऑक्टोबर २०२४ ला.

माणूस तापट असतो, भित्रा असतो, लबाडही असतो. तो ज्याचा त्याचा स्वभाव. जातीला स्वभाव नसतो. पुन्हा बोट पालाकडं जाईल तवा आपण कुठं उभे असू?