एकाच सर्व्हरवरची अनेक संकेतस्थळे

सॉफ्टवेअर एकदाच बसवायचे आणि त्यावर पन्नास संकेतस्थळे चालवायची, ही सोय आज गृहीत धरली जाते. विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाचे, मंडळाच्या प्रत्येक शाखेचे किंवा ज्ञानकोशाच्या प्रत्येक भाषेचे स्थळ वेगळे. सदस्यांची यादी, प्रोग्रॅम आणि देखभाल मात्र एकच. या रचनेला मल्टिसाइट म्हणतात. ती पहिल्यांदा उभी करणाऱ्याला काही ठरावीक दुखणी हमखास भेटतात. मुख्य स्थळ उघडते, पण नव्या शाखेचे उघडत नाही. कोणतेही नाव टाकले तरी एकच पान येते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचे पान पुन्हा पुन्हा समोर येते. मजकूर दिसतो, चित्रे दिसत नाहीत. वरवर या तक्रारींचा एकमेकींशी संबंध नसतो. पण एक यंत्र म्हणजे एक स्थळ असे धरून वेब आखले गेले होते, आणि अनेक स्थळांची सोय त्यावर पुढे वीस-पंचवीस वर्षे तुकड्यातुकड्यांनी चढवली गेली. बहुतेक दुखणी या तुकड्यांच्या सांध्यांवर असतात. जाणकार माणूस दोष शोधताना नाव, सर्व्हर, पत्त्यांचे पुनर्लेखन, डेटाबेस, कुकी आणि प्रमाणपत्र या क्रमाने जातो. हे सांधेही साधारण त्याच क्रमाने पडत गेले.

नावांची व्यवस्था वेबहून जुनी आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत, म्हणजे डीएनएस, मांडली आणि १९८७ मध्ये तिचे सुधारित नियम प्रसिद्ध झाले. या नियमांतच तारकाचिन्हाची तरतूद होती : डोमेनच्या नोंदीत नावाच्या जागी तारकाचिन्ह लिहिले, की स्वतंत्र नोंद नसलेल्या प्रत्येक उपनावाला तेच उत्तर मिळते. तेव्हा तिचा मुख्य उपयोग ईमेल इकडून तिकडे पोचवण्यासाठी होता. हजारो सदस्यांना प्रत्येकी एक उपनाव, म्हणजे सबडोमेन, देणारी स्थळे निघाली तेव्हा ही तरतूद त्यांच्या पथ्यावर पडली, आणि तिच्यातली खाचही उघडी पडली. एखाद्या उपनावाची कसलीही स्वतंत्र नोंद असली, अगदी फक्त ईमेलची, तरी त्या नावाला तारकाचिन्ह लागू होत नाही. त्यामुळे ‘नाशिक’ आणि ‘नागपूर’ उघडतात आणि कधीकाळी ईमेलसाठी नोंदवलेले ‘पुणे’ तेवढे उघडत नाही, असा प्रकार घडतो. या नियमाचे अर्थ इतके वेगवेगळे लावले गेले, की २००६ मध्ये केवळ त्याच्या स्पष्टीकरणासाठी स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला. घरच्या संगणकावर चाचणी घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी : संगणकातल्या ‘होस्ट्स’ फाइलला तारकाचिन्ह कळतच नाही, तिथे प्रत्येक उपनाव हाताने लिहावे लागते.

नावाचा उलगडा झाल्यावर विनंती सर्व्हरकडे पोचते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेबची घडण केली तेव्हाची विनंती एका ओळीची होती, आणि त्या ओळीत फक्त हव्या असलेल्या पानाचा मार्ग असे. स्थळाचे नाव ब्राउझर वाटेतच क्रमांकात बदलून टाकी. सर्व्हरपर्यंत ते पोचतच नसे. पत्रावर खोलीचा नंबर आहे, इमारतीचे नाव नाही, तशी ही गत. इमारत एकच होती तोवर काही बिघडले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात भाड्याने जागा देणाऱ्या कंपन्या एका यंत्रावर अनेक ग्राहकांची स्थळे ठेवू लागल्या, तेव्हा प्रत्येक स्थळासाठी स्वतंत्र आयपी क्रमांक खर्ची पडू लागला. हे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४३० कोटी. ते कधीतरी संपणार हे उघड होते. त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले.

यावरचा उपाय साधा होता : विनंतीत आणखी एक ओळ घालायची आणि तिच्यात स्थळाचे नाव सांगायचे. ‘होस्ट’ नावाची ही ओळ जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ च्या नियमांनी सक्तीची केली. ब्राउझर ती त्याआधीच पाठवू लागले होते, आणि अपाची सर्व्हरने १९९६ मधल्या १.१ या आवृत्तीतच तिच्या आधारे स्थळे वेगळी करायला सुरुवात केली होती. भाड्याची जागा स्वस्त झाली ती या एका ओळीमुळे. तिच्यासोबत एक नियम आला आणि तो आजही नवख्याला चकवतो : सर्व्हरच्या यादीत न सापडलेले नाव अपाची परत पाठवत नाही, यादीतल्या पहिल्या स्थळाकडे वळवते. सगळ्या शाखांच्या जागी एकच पान, किंवा होस्टिंग कंपनीचेच स्वागताचे पान उघडत असेल, तर डीएनएस आपले काम करतो आहे आणि सर्व्हरच्या यादीत तारकाचिन्ह घालायचे राहिले आहे, असा त्याचा अर्थ. या दोन तारकाचिन्हांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक घातले की दुसरे आपोआप येईल, ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे.

सबडोमेनला दुसरा पर्याय होता मार्गाचा : नाव एकच ठेवायचे आणि तिरप्या रेघेपुढे शाखेचे नाव लावायचे. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझ्नर यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या जिओसिटीजने हीच वाट धरली होती. तिथे विषयवार वस्त्या होत्या. संगणकाची आवड असणारे ‘सिलिकॉन व्हॅली’त, चित्रपटांचे चाहते ‘हॉलिवूड’मध्ये, आणि सदस्याचा पत्ता म्हणजे वस्तीचे नाव व त्यापुढे घरक्रमांक. याहूने ही कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. मार्गाच्या पद्धतीत सगळे सदस्य एकाच डोमेनखाली येतात, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ते एकमेकांपासून वेगळे नसतात. लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेला त्याची किंमत मोजावी लागली. एका सदस्याच्या पानातून दुसऱ्याची लॉगिनची कुकी पळवता येते असे दिसल्यावर २००६ च्या सुरुवातीला तिने प्रत्येकाला स्वतंत्र सबडोमेन दिले.

मार्ग असो वा सबडोमेन, पत्त्यात दिसणारे फोल्डर डिस्कवर प्रत्यक्षात नसते. तिथे पत्त्यांचे पुनर्लेखन लागते. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये त्यासाठी ‘मॉड-रीराइट’ लिहिले आणि पुढच्या वर्षी ते अपाची गटाला दिले. त्याचे नियम सहसा ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या, टिंबाने सुरू होणाऱ्या आणि म्हणून फोल्डरच्या यादीत लपणाऱ्या फाइलीत असतात. अपाचीच्या नंतरच्या आवृत्त्यांत या फाइलीकडे पाहण्याची परवानगी मुळातच बंद असते. मुखपृष्ठ नीट उघडते, आतले एकही पान उघडत नाही आणि नव्या शाखेचा व्यवस्थापन कक्ष रंगरूपाविना नुसत्या दुव्यांच्या यादीसारखा दिसतो, ही त्याची ओळखखूण.

समूहाची स्थळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती प्रामुख्याने वर्डप्रेसने. मिशेल व्हाल्द्रिगी यांच्या ‘बी२’ या ब्लॉग-प्रोग्रॅमपासून मे २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस घडवले. त्याच ‘बी२’वरून डोनखा ओ’केव यांनी आयर्लंडमध्ये अनेकांसाठी एकत्र चालणारी वेगळी आवृत्ती काढली होती, तिच्यातून वर्डप्रेस एमयू निघाले. वर्डप्रेस डॉट कॉम आणि शिक्षकांसाठीचे एज्युब्लॉग्ज ही दोन्ही स्थळे २००५ मध्ये त्यावरच उभी राहिली. जून २०१० मध्ये आवृत्ती ३.० आली, एमयू मूळ वर्डप्रेसमध्ये विलीन झाले आणि ‘मल्टिसाइट’ हे त्याचे नाव रूढ झाले.

एमयूची रचना युक्तीची आहे. सदस्यांचे टेबल सगळ्यांचे मिळून एक. लेख, प्रतिक्रिया, मांडणी यांची टेबले मात्र प्रत्येक शाखेला वेगळी, नावात शाखेचा क्रमांक घातलेली. सदस्याचे अधिकारही शाखेच्या क्रमांकासह नोंदलेले असतात. म्हणून एका शाखेचा संपादक दुसऱ्या शाखेत लॉगिन करू शकतो, पण तिथे त्याला काहीच करता येत नाही, आणि हा बिघाड आहे असे समजून व्यवस्थापकाला फोन जातो. डेटाबेस हलवताना टेबलांच्या नावांमागचा उपसर्ग बदलला आणि अधिकारांच्या नोंदीत तो बदलायचा राहिला, तर खुद्द व्यवस्थापकच बाहेर राहतो. भरीला नावांचा जुना घोळ आहे. एमयूच्या काळात समूहाला ‘साइट’ आणि शाखेला ‘ब्लॉग’ म्हणत. पुढे शाखेलाच ‘साइट’ म्हणू लागले, टेबलांची नावे मात्र तीच राहिली. त्यामुळे ‘डब्ल्यूपी-साइट’ टेबलात आजही समूह असतो आणि शाखांची यादी ‘डब्ल्यूपी-ब्लॉग्ज’मध्ये सापडते. घाईत असलेला माणूस हमखास चुकीचे टेबल दुरुस्त करतो.

चित्रांचे दुखणेही त्याच काळातले. शाखांची चित्रे एका वेगळ्या फोल्डरात पडत आणि ती थेट न देता एका पीएचपी फाइलीतून वाहून दाखवली जात. पुनर्लेखनाचा नियम चुकला की सगळी चित्रे गायब. नियम बरोबर असूनही मांडणीच्या फाइलीच्या शेवटी एखादी रिकामी ओळ राहिली, तर ती चित्राच्या आधी बाहेर पडे आणि ब्राउझरला ते चित्र ओळखू येत नसे. डिसेंबर २०१२ मधल्या ३.५ पासून नव्या समूहांसाठी ही पद्धत सोडून देण्यात आली. जुने समूह अजून तिच्यावरच चालतात.

एमयूवर समाजजीवन आणले बडीप्रेसने. अँडी पीटलिंग यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २००९ मध्ये आली, आणि ती फक्त एमयूवर चालत असे. गट, मैत्री, सदस्यांच्या हालचालींचा फलक मिळवण्यासाठी अनेकांनी गरज नसताना एमयू बसवले. फेब्रुवारी २०१० मधली १.२ आवृत्ती साध्या वर्डप्रेसवरही चालू लागली, तोवर बरेच जण अडकून गेले होते. एका शाखेत बडीप्रेस सुरू करायचे की सगळ्या समूहात, या निवडीवर फलकाचे पान कुठे उघडेल हे ठरते. नोंदणी केल्यावर ‘पान सापडले नाही’ येते त्याचे कारण बहुधा इथे असते.

विकिपीडियाने उलट क्रम घेतला. भाषाभाषांची स्थळे सबडोमेनवर, सॉफ्टवेअर एक, पण सदस्यांची टेबले सुरुवातीला संपूर्ण वेगळी. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर लिहिणाऱ्याला इंग्रजी वा हिंदी विकिपीडियावर वेगळे खाते काढावे लागे, आणि त्याचे नाव तिथे आधीच दुसऱ्याने घेतलेले असू शके. तेच छायाचित्र प्रत्येक भाषेत पुन्हा चढवावे लागे. ती अडचण सप्टेंबर २००४ मध्ये विकिमीडिया कॉमन्स निघाल्यावर मिटली. खाती जोडणे २००८ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये पुरे झाले. त्या वेळी उरलेल्या समान नावांपुढे तरंगरेषा आणि विकीचे सांकेतिक नाव जोडले गेले. सदस्यांचे एकत्रीकरण नंतर करू म्हणणाऱ्याला हे काम किती लांबते, याचे याहून मोठे उदाहरण मिळणे कठीण.

मराठीतली ‘मायबोली’ १९९६ पासूनची. ती आणि ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे ड्रुपल या प्रोग्रॅमवर चालत आली. ड्रुपलमध्येही एका प्रोग्रॅमवर अनेक स्थळांची सोय आहे : आलेल्या नावाशी जुळणारे फोल्डर तो आधी शोधतो आणि न मिळाल्यास गुपचूप मूळ मांडणीकडे जातो. देवनागरीत चालणाऱ्या समूहांना याखेरीज लिपीचा जाच असतो. मायएसक्यूएलची जुनी टेबले लॅटिन संचात असत. एका शाखेची टेबले नवी आणि दुसरीची जुनी असली, की तोच मजकूर इथे मराठीत आणि तिथे प्रश्नचिन्हांत दिसतो. वर्डप्रेस शाखेचे नाव रोमन लिपीतच स्वीकारते. लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा, आणि सांकेतिक रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ९ जागा खाते. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात. म्हणून लांब शीर्षकाचा मराठी पत्ता मध्येच तुटतो.

पुढचा सांधा कुकीचा. लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपसाठी कुकी आणली ती प्रत्येक डोमेनपुरती. सबडोमेनांत ती वाटून घेता येते, वेगळ्या डोमेनांत नाही. शाखांना स्वतःची डोमेने जोडण्याची सोय आधी प्लगइनने आणि एप्रिल २०१६ मधल्या वर्डप्रेस ४.५ पासून अंगभूत मिळाली, तसे लॉगिनच्या घिरट्यांचे प्रमाण वाढले. बरेचदा मांडणीच्या फाइलीत कुकीचे डोमेन मुख्य स्थळापुरते बांधलेले असते, आणि जोडलेल्या डोमेनवर ब्राउझर ती कुकी नाकारतो. विकिपीडिया लॉगिनच्या क्षणी इतर डोमेनांना लपून विनंत्या पाठवून तिथेही कुकी ठेवत असे. मार्च २०२० पासून सफारीने त्रयस्थ कुकी पूर्णपणे अडवल्या आणि ही वाट अरुंद झाली.

शेवटचा सांधा प्रमाणपत्रांचा. सुरक्षित जोडणीत प्रमाणपत्र आधी दाखवावे लागते आणि ‘होस्ट’ ओळ नंतर येते, म्हणजे १९९७ पूर्वीचा पेच इथे नव्याने उभा राहिला. जोडणीच्या आरंभीच नाव सांगण्याचा नियम जून २००३ मध्ये झाला, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच कळला नाही, आणि म्हणून अनेक वर्षे तो सर्रास वापरता आला नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने डिसेंबर २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली केली, तारकाचिन्हाची मार्च २०१८ पासून. तारकाचिन्हाचे प्रमाणपत्र एकाच पातळीपुरते चालते. शाखेची उपशाखा त्यात बसत नाही, आणि मूळ डोमेनही वेगळे लिहावे लागते. ते मिळवण्यासाठी डीएनएसमध्ये एक नोंद करून मालकी सिद्ध करावी लागते. ही नोंद पहिल्या वेळी हाताने केली आणि नूतनीकरणाची स्वयंचलित सोय लावली नाही, तर ९० दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी सर्व शाखांवर एकाच वेळी धोक्याची सूचना झळकते.