32-म चा कागद

आजोबांच्या लोखंडी पेटीत दागिना नव्हता, कागद होते. सगळ्यांत वर 32-म चा दाखला. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्याला मालक मानलं, न्यायाधिकरणाने किंमत ठरवली आणि हप्ते फिटल्यावर हा कागद हाती पडला. घडीवर विरला म्हणून आजीने मागून धोतराचा तुकडा खळीने चिकटवला होता.

त्याआधीच्या गोष्टी खंडाच्या. खळ्यावर भात मापताना मालकाचा माणूस उभा. तो गेला की सावकार. आषाढात खावटीला नेलेलं भात दिवाळीनंतर दिढीने परत. तिकडे अलिबागेत चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून 1933 पासून सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, ते पनवेलजवळच्या आमच्या सुकापुरातले म्हातारे घरचंच असल्यासारखं सांगत.

19 जुलै 1969 ला 14 बँका सरकारी झाल्या. तोवर त्यांच्या कर्जात शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. या निर्णयाचं कौतुक सगळेच करतात, मीही करतो. पण बँकेतले साहेब पहिल्यांदा सातबारा मागायचे. बारा वर्षं आधी त्यावर नाव चढलं नसतं, तर राष्ट्रीयीकरण आजोबांच्या दारावरून निघून गेलं असतं.

आजोबांनी बँकेतून काढलेलं कर्ज बैलजोडीचं होतं. साहेब बैल बघायला स्वतः आले, दात मोजले. आजी चहा टाकेना. म्हणाली, ‘‘सावकार पण असाच बसायचा चहा प्यायला.’’

बँकेविषयीची तिची शंका अगदीच वेडी नव्हती; बँकेतही पैसा बुडायचा. 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, केरळातली पलाई सेंट्रलही. त्यानंतर 1962 पासून ठेवींना विमा आला, तेव्हा 1,500 रुपयांचा. 1993 पासून एक लाखावर अडलेली ही मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले: खात्यातून काढायचे तर 500 रुपये. पुढच्या वर्षी परवानाच रद्द झाला. बहुतेक ठेवीदारांची पूर्ण रक्कम निर्बंधांच्या चारच महिने आधी वाढलेल्या या मर्यादेत बसत होती.

आता सुकापुरात माथेरान रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती आहेत. भाताची जमीन विकून आलेला पैसा एकाच बँकेत ठेवणाऱ्याला मात्र हा विमा तोकडाच. पाच लाखांत इथे आज गुंठाही येत नाही.