फोलिक ॲसिड, फोलेट, बी-९: नावे वेगळी, जीवनसत्त्व एकच

नाशिकच्या आमच्या ओपीडीत नातेवाईक दोन चिठ्ठ्या पुढे ठेवून विचारतात, "डॉक्टर, एकीत फोलिक ॲसिड आहे, दुसरीत मिथिलफोलेट. दोन्ही द्यायच्या का?" ही दोन्ही बी-९ जीवनसत्त्वाचीच रूपे आहेत. पालेभाज्या-डाळींत असते ते फोलेट. गोळीतले कृत्रिम, टिकाऊ रूप म्हणजे फोलिक ॲसिड. रासायनिक नाव टेरॉईलग्लुटामिक ॲसिड. शरीर त्यापासून वापरण्याजोगे जे रूप बनवते, ते मिथिलफोलेट. म्हणून दोन्ही गोळ्या एकदम सुरू करण्याआधी विचारा.

लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा पदार्थ वेगळा केला, म्हणून हे नाव. शोधाची सुरुवात मात्र आपल्या मुंबईतली. डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये तिथे आल्या. गिरणी कामगार गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांना आढळले. त्यातल्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणत.

चयापचयात फोलेट एकेका कार्बनचे गट इकडून तिकडे पोहोचवते. नवी पेशी तयार होताना डीएनए बनायला ते लागतात. फोलेट कमी पडले की तांबड्या पेशी मोठ्या आकाराच्या, पण कमी बनतात. सीबीसीत एमसीव्ही वाढलेला दिसतो. बाळाच्या मेंदू-मणक्याची नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, बहुतेकदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून मूल हवे असेल तर निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर डोस जास्त लागतो. तो डॉक्टरच ठरवतील.

फोलेटला बी-१२ ची जोड लागते. बी-१२ नसेल तर फोलेट मिथिल रूपातच अडकून पडते. अशा वेळी नुसते फोलिक ॲसिड घेतले तर हिमोग्लोबिन सुधारते, घरचे निर्धास्त होतात, आणि नसांची हानी आतून चालूच राहते. शाकाहारी आजी-आजोबांना पायांत मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे असे काही असेल, तर गोळी सुरू करण्याआधी बी-१२ तपासून घ्या. मी तरी याबाबत घाई करत नाही.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली मेथी-पालक उकळून पाणी फेकू नका. फोलेट पाण्यात उतरते, जास्त शिजवले की नष्टही होते.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर सोबतचे फोलिक ॲसिड 'साधे व्हिटॅमिन' म्हणून स्वतःहून बंद करू नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. फोलिक ॲसिड कोणत्या वारी घ्यायचे, ते चिठ्ठीवर लिहून मागा.