एका खरेदीची कथा

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात संशोधकांची नावे आदराने घेतली जातात. यंत्र विकत घेणाऱ्याची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. तरीही एका गायकाने केलेल्या खरेदीने ध्वनिमुद्रणाची रीतच पालटली. ती हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

हे गायक म्हणजे बिंग क्रॉसबी. नाताळात आपल्या कानांवर हमखास पडणारे 'व्हाइट ख्रिसमस' हे गीत त्यांनी १९४२ साली मुद्रित केले. त्यावरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या, की मूळ साचाच झिजला आणि १९४७ मध्ये तेच गीत त्यांना पुन्हा गावे लागले.

रेडिओवरील अडचण निराळी होती. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. त्यामुळे एकच कार्यक्रम कलावंतांना दोनदा प्रत्यक्ष सादर करावा लागे. १९४६ पासून क्रॉसबी आपला कार्यक्रम आधीच तबकड्यांवर मुद्रित करू लागले. परंतु एका तबकडीवरून दुसरीवर उतरविताना आवाजाचा कस कमी होई आणि श्रोत्यांना ते जाणवे.

यावरचा उपाय जर्मनीत तयार होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकन लष्करी तंत्रज्ञाने तेथील 'मॅग्नेटोफोन' जातीची दोन यंत्रे सुटी करून, चुंबकीय फितीच्या ५० रिळांसह मायदेशी धाडली. ऑगस्ट १९४७ मध्ये याच यंत्रांवर क्रॉसबींचा कार्यक्रम मुद्रित झाला. फीत कापता येई, जोडता येई. चुकलेली ओळ काढून टाकता येई. पण परदेशातून आणलेल्या दोन यंत्रांवर आणि मोजक्या फितीवर किती दिवस निभावणार?

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन कार्लोस येथे 'अँपेक्स' नावाचा छोटा कारखाना तसेच यंत्र बनविण्याच्या खटपटीत होता. कौशल्य होते, भांडवल नव्हते. क्रॉसबींनी ५० हजार डॉलर्स पुढे केले, तेही यंत्र बाजारात येण्यापूर्वी! एप्रिल १९४८ मध्ये 'मॉडेल २००' कामाला लागले. किंमत सुमारे ४ हजार डॉलर्स. फितीचा वेग सेकंदाला ३० इंच.

या खरेदीचे फळ एकट्या क्रॉसबींच्या पदरात पडले नाही. १९४९ मध्ये त्यांनी गिटारवादक लेस पॉल यांना अँपेक्सचे एक यंत्र भेट दिले. पॉल यांनी त्याला आणखी एक हेड बसविले आणि आधी मुद्रित केलेल्या सुरांवर नवे सूर चढविण्याची सोय करून घेतली. एकच वादक अनेक वादकांचे काम करू लागला. पुढे त्यातूनच अनेक ट्रॅकांच्या मुद्रणाची वाट रुंदावली.

यंत्राची निवड किंमत पाहून किंवा नावाचा डंका ऐकून होते, तेव्हा ते पुष्कळदा कोपऱ्यात धूळ खात पडते. क्रॉसबींना आपली नड नेमकी ठाऊक होती: चांगला आवाज आणि चूक सुधारण्याची मुभा. म्हणूनच त्यांचा पैसा सत्कारणी लागला, आणि त्याचा लाभ त्यांच्यामागून आलेल्या असंख्य गायक-वादकांना झाला.