शिकलगार, साण आणि पाणी

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत हजेरी घेताना 'शिकलगार' हे आडनाव हमखास येते. त्याचा अर्थ विचारला तर वर्ग गप्प बसतो. पुष्कळदा ते लावणारा विद्यार्थीही. अरबी 'सैकल' म्हणजे घासून उजळणे, झिलई. त्याला फारसी 'गर' जोडला की जिनगर, कारीगर यांच्या पंगतीत बसणारा शब्द तयार होतो. लोहार पाते घडवतो, शिकलगार त्याला धार आणि झिलई देतो. १९१५ सालचा आत्र्यांचा 'गावगाडा' शिकवताना आपण लोहारापाशी थांबतो, कारण तो बलुतेदार. शिकलगाराचे पोट मुख्यतः फौज आणि दरबार यांवर. बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत त्याला जागा नाही.

मराठ्यांच्या फिरंगी तलवारींची पाती बहुधा युरोपातून आलेली असत, मूठ तेवढी इथली. परक्या पात्यालाही धार मात्र इथलाच माणूस लावणार. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, १८७८च्या कायद्याने शस्त्राला परवाना आला आणि तलवारीचे गिऱ्हाईक आटले. पुढे १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगरासारखे शेतीचे लोखंडही कारखान्यातून येऊ लागले. धार लावणाऱ्याला उरली विळी, कात्री, खाटकाची सुरी आणि उसाचा कोयता. (ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराच्या नावाने माणसे मोजणारी ही भाषा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.)

हे सारे पुस्तकातून सांगून झाल्यावर आम्ही, म्हणजे मराठीच्या तीन अध्यापकांनी, दिवाळीच्या सुट्टीत घरीच एक सुरी करायचे ठरवले. जुनी, झिजलेली कानस घेतली. तिचे पोलाद चांगले कडक असते. खडूने आकार आखला आणि विजेच्या ग्राइंडरवर दाते घासून टाकले. पाठ जाड ठेवून दोन्ही अंगांनी उतार काढू लागलो. ठिणग्या पाहून स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात टोकाशी एक सुंदर निळी छटा उमटली.

ती छटा दाखवायला आम्ही एका माजी विद्यार्थ्याच्या आजोबांकडे गेलो. चाचांनी पाते उजेडात धरले, टोकावरून नख फिरवले आणि म्हणाले, "पाणी उतरलंय, सर. टोक मेलं."

पाणीदार, पाणी जोखणे, पाणी उतरणे हे शब्दप्रयोग आम्ही वीस वर्षे तेज, अब्रू असे अर्थ देऊन शिकवत आलो. लाल तापलेले पाते पाण्यात विझवून कडक करतात, ते 'पाणी देणे'. हे कोशात वाचलेले होते. पण दिलेले पाणी उतरताना पाहिले ते त्या दिवशी. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले की निळे पडते आणि तिथला कडकपणा कमी होतो. पुन्हा धार लावली तरी ती टिकत नाही.

चाचांनी आधी आमचे हातमोजे काढायला लावले. "बोटाला चटका बसायच्या आत पात्याला पाण्यात बुडवायचं. मोजे घातल्यावर कळणार कसं?" त्यांच्या वडिलांची साण लाख आणि कुरुंदाच्या भुकटीची होती. एकाने वादी ओढायची, दुसऱ्याने पाते धरायचे. वादी ओढणारे पोर म्हणजे चाचा. हाताने फिरणारी ती चकती पाते असे जाळत नसे.

निळे टोक घासून काढण्यात बोटभर लांबी गेली. उरलेले काम ओल्या दगडावर हाताने केले, त्याला चार संध्याकाळी लागल्या. एका बाजूचा उतार अजूनही दुसरीपेक्षा उभा आहे, आणि चाचांनी तो न मोजता सांगितला.

साण पाहायला मिळेल का, असे आम्ही विचारले. लाखेची चकती २०१९च्या कृष्णेच्या पुरात गेली. लोखंडी आस माळ्यावर होता, तो त्यांनी नातवाकडून उतरवून घेतला. नातू आमच्याच वर्गात बसत असे. आस कशाचा, हे त्याने आमच्यासोबतच प्रथम ऐकले.