जोर, मनगट आणि दोन विटा

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम उभा केला. आज येथे येणारा माणूस समाधीपुढे हात जोडतो, सामुदायिक प्रार्थनेला बसतो आणि परततो. महाराजांच्या ग्रामोद्धाराच्या विचारात शरीराला काय स्थान होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांत ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे, ही गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे. बलोपासना ही त्यांच्या लेखी गावाच्या कामाचाच एक भाग होती.

हे सारे आठवण्याचे निमित्त अगदी साधे आहे. आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी मध्यंतरी म्हणाला, ‘सर, जोर मारले की मनगट लई दुखून राह्यलं. ते पुशअप बार घेऊ का?’ शेजारी उभा असलेला त्याचा मित्र हसला. ‘आपल्या आज्यानं कधी बार घेतले होते का?’ मराठी शिकविणाऱ्या माणसाने यावर काय बोलावे? पण मित्राचा युक्तिवाद हा इतिहासाचा युक्तिवाद होता, आणि इतिहासाच्या नावाने कोणी काही सांगू लागले की तपासून पाहण्याची खोड आम्हांला आहे.

आपली व्यायामपरंपरा साधनविरहित होती, हे त्या युक्तिवादाचे गृहीतक. ते टिकते काय? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. मल्लखांब म्हणजे तरी काय? मल्लाच्या जागी उभा केलेला खांब, म्हणजे साधनच. मुद्गल आणि करेला ही साधने, लेझीम हेही साधन. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली ज्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, त्याच्या पथकाने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांपर्यंत गेला. ज्या परंपरेचे वर्णन करावयास दहा खंड लागतात, तिला ‘दोन हात आणि जमीन’ एवढ्यात बसविणे हा तिच्यावर अन्यायच होय.

जोरांपुरते बोलायचे तर शेजारच्या इराणकडे पाहावे. तेथील जोरखान्यात पहिलवान एका अरुंद लाकडी फळीवर हात ठेवून जोर काढतात. फळीला खाली आखूड पाय असतात आणि ती जमिनीपासून थोडी उचललेली राहते. 2010 साली युनेस्कोने ज्या जोरखाना-परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या परंपरेतील ही फळी. आपल्याकडेही तालमीत वा अंगणात दोन विटा मांडून त्यांच्यावर जोर काढणारी माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत फिरत्या मुठींची जोडी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून खपू लागली, तेव्हा ती कल्पना नवी वाटली. हात जमिनीपासून उचलून घेण्याची युक्ती मात्र जुनीच होती.

आता मनगटाकडे येऊ. मनगटात आठ लहान हाडे असतात. तळहात जमिनीवर सपाट टेकवून हात सरळ उभा धरला, की मनगट मागे जवळजवळ काटकोनात वळते. बहुतेकांचे मनगट स्वतःच्या बळावर साधारण सत्तर अंशांपर्यंत वळते. उरलेले वळण अंगाचा भार घडवून आणतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हातांवर असतो, आणि हे वळण प्रत्येक आवर्तनात जवळपास तसेच राहते. आपल्या जोराची गोष्ट थोडी निराळी आहे. आरंभी कंबर उंच असते, भार पायांकडे झुकलेला असतो आणि मनगटाचा कोन मोकळा असतो. छाती जमिनीलगत पुढे सरकून वर उठते तेव्हा तो काटकोनाशी येतो. पुन्हा कंबर मागे गेली की सुटतो. मनगटाला प्रत्येक जोरागणिक क्षणभर विसावा मिळतो. खांदे बोटांच्याही पुढे नेले, तर मात्र हा लाभ उरत नाही.

दांडी मुठीत धरली की मनगट सरळ राहते आणि भार मागे न वळता थेट वर-खाली जातो. ज्याचे मनगट पूर्वी मोडले आहे, ताठ झाले आहे किंवा ज्याला मनगटाच्या मागच्या बाजूस कळ येते, त्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. मूठ वळून काढलेले जोरही हेच काम फुकटात करतात. मात्र खाली सतरंजी हवी. पण दांडीचेही एक मोल आहे. छाती हातांच्या पातळीखाली जाऊ लागते आणि मनगटाचे ओझे खांद्यावर येते. डगमगणारी वीट तर दांडीपेक्षाही वाईट.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते असे. निरोगी मनगटाला बारची गरज नाही. बोटे पसरून, तळव्याच्या सर्व भागांवर भार वाटून, थोड्या जोरांनी आरंभ करून ते हळूहळू सरावते. दुखत असेल तर आठवडाभर थांब, मग मुठीवर किंवा दांडीवर काढून पाहा. सूज असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर बार नव्हे, डॉक्टर गाठ.

त्याच्या मित्राला सांगायचे मात्र राहून गेले, ते येथे सांगतो. आजोबांनी बार घेतले नाहीत हे खरे. पण ज्या आजोबांचे मनगट दुखले आणि ज्यांनी जोर कायमचे सोडून दिले, त्यांची गोष्ट सांगायला तालमीत कोणी उरले नाही. परंपरेची आठवण टिकून राहिलेल्यांकडूनच येते, गळून गेलेल्यांकडून येत नाही. उलट बाजूने, बार नाही म्हणून व्यायाम नाही असे मानणारा खेड्यातला मुलगाही तितकाच नाडला जातो. त्याला बाजाराने फसविलेले असते. गावातल्या शेवटच्या पोराचे शरीर कसदार व्हावे, ही ज्यांची तळमळ होती, त्यांच्या मोझरीत उभे राहून पाहिले तर प्रश्न साधनाचा उरतच नाही. ते पोरगे उद्या पहाटे पुन्हा जोर काढायला येते की नाही, एवढाच उरतो.