आरंभबिंदूचा दगड

नववीला निर्देशक भूमिती आली तेव्हा मी ती सरळ पाठ करून टाकली. आडवा तो एक्स-अक्ष, उभा तो वाय-अक्ष, दोन्ही छेदतात तो आरंभबिंदू. चार चरण आणि चिन्हांच्या चार जोड्या. मार्क पडले, विषय संपला. हे प्रकरण आपल्याच वावरात पुरलेलं आहे हे कळायला बांधावरून भांडण व्हावं लागलं.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. चुलत्यांचं आणि आमचं वावर लागून. मधला बांध नक्की कुठून जातो यावरून आजोबांच्या काळापासून कुरबुर होती. कोपऱ्यातला हद्दीचा दगड कधी गेला हे कुणालाच आठवत नव्हतं. कुणी काढला, हे मात्र प्रत्येकाला पक्कं माहीत होतं! शेवटी दोन्ही घरांनी मिळून सरकारी मोजणीचे पैसे भरले आणि त्या निमित्तानं जुन्या टिपणाची नक्कल घरात आली.

टिपण म्हणजे शेताची हातानं काढलेली आकृती आणि तिच्यावर आकडे. मी ती पाहिली आणि थबकलो. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ होती. रेघेवर ठिकठिकाणी अंतरं लिहिलेली, आणि त्या ठिकाणांहून डावीकडे-उजवीकडे काटकोनात फुटलेल्या छोट्या रेघा, त्यांच्यावरही अंतरं. बाबा म्हणाले, "ही साखळीची रेघ." मला दिसत होता एक्स-अक्ष.

शाळेत सांगतात की हे सगळं रेने देकार्तचं. छतावरची माशी पाहून त्याला कल्पना सुचली, ही गोष्टही सांगतात. तिला काही आधार नाही, पण मुलांना आवडते. देकार्तचा जन्म १५९६ चा. मुघलांनी नगरच्या किल्ल्याला घातलेला वेढा चांदबिबीनं परतवला, तेच हे वर्ष. त्याचं भूमितीचं पुस्तक १६३७ मध्ये छापलं गेलं, म्हणजे निजामशाही बुडाल्यानंतर वर्षभरानं. गंमत म्हणजे आपल्या आलेख कागदावर असतात तसे काटकोनातले दोन अक्ष आणि चार चरण त्या पुस्तकात सापडत नाहीत. ते पुढच्या लोकांनी घडवले. फर्मा नावाचा दुसरा फ्रेंच माणूस त्याच काळात स्वतंत्रपणे याच वाटेवर होता.

त्या काळात आपल्याकडे जमीन काठीनं मोजत. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. यातून जमीन किती हे कळायचं. ती कुठे आहे हे मात्र शब्दांत सांगावं लागे: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत, दक्षिणेस गाडीवाट. याला चतुःसीमा म्हणत. ओढ्यानं पात्र बदललं की कागदही गोंधळात!

आकड्यांत जागा सांगण्याची पद्धत शेताशेतात आली ती इंग्रजी अमलात. प्रिंगलनं पुण्याकडे केलेली आधीची पाहणी फसली होती. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली. तीच पद्धत पुढे नगरसह दख्खनभर पसरली. साधनं साधी होती: अंतर मोजायला साखळी आणि काटकोन साधायला शंकू. म्हणून नाव शंकू-साखळी. साखळी ३३ फुटांची आणि रुपयासारखे तिचेही १६ आणे, म्हणजे आणा सव्वादोन इंच कमी अडीच नव्हे, तर दोन फूट पाऊण इंच. (हा गोंधळ माझाच झाला होता, म्हणून सांगितलं.) एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा १०८९ चौरस फुटांचा. ओळखीचा आकडा वाटला ना? तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

हे सगळं शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलं, असं कुणी समजू नये. मोजायचं होतं ते साऱ्यासाठी. १८६७ मध्ये इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली, सारा भरमसाट वाढला, त्यात कापसाचे भाव पडले आणि सावकारी फास आवळला. १८७५ साली सुप्याहून पेटलेलं दख्खनचं बंड आमच्या पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचलं. लोकांनी जाळले ते सावकारांचे कर्जरोखे.

आता आमच्या टिपणाकडे येतो. आकडे सोपे करून सांगतो. साखळीची रेघ अ दगडापासून क दगडापर्यंत, लांबी १० साखळ्या. अ पासून ४ साखळ्या चालून डावीकडे २ वर ब कोपरा. ६ साखळ्या चालून उजवीकडे ३ वर ड कोपरा. डावं अधिक आणि उजवं उणे धरा. अ (०, ०), ब (४, २), क (१०, ०), ड (६, -३). रेघेच्या वर एक त्रिकोण, खाली एक. वरचा १० चौरस साखळ्या, खालचा १५. शेत २५ गुंठ्यांचं. मोजणीच्या दप्तरात या हिशेबाच्या वहीला गुणाकार बुक म्हणतात. उणे चिन्ह टिपणात कुठेच नसतं. रेघेच्या कोणत्या अंगाला लिहिलं, यावर भागतं.

पण गेलेला दगड होता अ चा. म्हणजे आरंभबिंदूच हरवलेला. सगळी अंतरं कागदावर शाबूत, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हेच ठाऊक नाही.

मोजणीवाले येऊन गेले, खुणा रोवून गेले. ती खूण तिथेच का, हे मी रात्री वहीवर करून पाहिलं. क आणि ड चे दगड जागेवर होते. दहावीतलं अंतराचं सूत्र लावलं: अ ते ड म्हणजे ४५ चं वर्गमूळ, सुमारे ६.७१ साखळ्या. अ ते क १०. आता क वरून १० चा कंस मारा, ड वरून ६.७१ चा. दोन्ही कंस दोन ठिकाणी छेदतात. त्यातलं एक ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्याच रानात, ते सोडून द्या. उरलं ते अ.

मोबाइलवर नगर दाखवतं साधारण १९.१ उत्तर, ७४.७ पूर्व. त्या जोडीचा आरंभबिंदू विषुववृत्त आणि ग्रिनिचची रेघ छेदतात तिथे, आफ्रिकेजवळच्या समुद्रात. तिथला दगड कुणी रातोरात हलवू शकत नाही.

आमचा दगड आमच्याच कांद्यात निघाला, बांधापासून सहा पावलं आत. मोजणीच्या खुणेखाली पहार लावली तर हातभर खोलीवर टणकन आवाज आला. चुलते काही बोलले नाहीत. बाबाही बोलले नाहीत. कांदा निघेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि पुढच्या पेरणीला बाबांनी तिफण सहा पावलं अलीकडूनच वळवली.